ठिणग्या झेलणारी गोधडी

दिवाळीत फुलबाजी पेटवली की तिच्या ठिणग्या हातावर उडतात. या ठिणग्यांचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर असते. तरी हात भाजत नाही. फार तर किंचित टोचल्यासारखे वाटते. फुलबाजी विझल्यावर उरलेली तार मात्र लाल दिसत नाही, ठिणगीपेक्षा ती पुष्कळच थंड असते. पण तिला चुकून पाय लागला तर चांगलाच फोड येतो. असे का बरे व्हावे? अधिक तापलेली वस्तू भाजत नाही आणि कमी तापलेली भाजते!

आता दुसरी एक गोष्ट पाहा. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात 'नॉर्मांदी' नावाचे प्रचंड फ्रेंच जहाज उभे होते. त्याची लांबी ३०० मीटरहून अधिक होती. युद्धासाठी सैनिक वाहून नेता यावेत म्हणून त्यात फेरफार चालू होते. एका दालनातले लोखंडी खांब गॅसच्या ज्योतीने कापत असताना ठिणग्या उडाल्या आणि जवळच रचलेल्या जीवरक्षक जाकिटांवर पडल्या. त्या जाकिटांत सावरीचा कापूस भरलेला होता. बघता बघता जहाज पेटले. आग विझवण्यासाठी ओतलेल्या पाण्याच्या भाराने ते कलले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धक्क्यालाच उलटले. एवढे मोठे जहाज कामातून गेले ते ठिणग्यांमुळे!

मग ठिणगी निरुपद्रवी म्हणायची की घातक? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट समजले, त्याला वेल्डिंगच्या कामासाठी योग्य संरक्षक चादर कशी निवडावी हेही समजेल. ही चादर म्हणजे ठिणग्या झेलणारी एक प्रकारची गोधडीच. तिची ओळख आज आपण करून घेऊ.

भीमेच्या दोन तीरांवर

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात भीमा नदीच्या एका बाजूला शिरूर तालुका आहे आणि दुसऱ्या बाजूला दौंड तालुका. दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. पण नद्यांच्या व कालव्यांच्या पाण्यावर येथे ऊस भरपूर होतो. न्हावऱ्याला घोडगंगा आणि पाटसला भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. शिरूर तालुक्यात रांजणगाव गणपतीजवळ मोठी औद्योगिक वसाहत झाली, दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखाने आले. दौंड हे तर रेल्वेचे जुने जंक्शन. मनमाडकडे जाणारा तेथला फाटा १८७८ साली सुरू झाला.

ऊस, कारखाने आणि रेल्वे! जेथे या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तेथे वेल्डिंग असणारच. उसाच्या ट्रॉलीचा सांधा तुटला, नांगराचा फाळ झिजला, पंपाच्या बिडाच्या कवचाला तडा गेला, शेडची कैची उभारायची आहे, की माणूस वेल्डिंगच्या दुकानाकडे धाव घेतो. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांत दुरुस्तीचे काम निघते. तेथेही महिनोन् महिने ठिणग्या उडत असतात.

आणि या ठिणग्या पडतात कशावर? एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो चिपाड, म्हणजेच बगॅस, उरते. कारखान्याचे बॉयलर त्यावरच चालतात. ओले असताना ते सहसा पेटत नाही. पण वाळलेल्या बगॅसचा भुगा यंत्राच्या सांदीकोपऱ्यांत, पत्र्यांवर, वाहक पट्ट्यांखाली साचून राहतो. शेतात पाचट असते, गोठ्यात कडबा असतो, दुकानात डिझेलचा डबा असतो, ट्रॉलीला रबरी टायर असतात. थोडक्यात, ठिणगीला हवे ते सारे येथे तयार आहे.

ठिणगीचे गणित

वेल्डिंगच्या रॉडचे टोक आणि लोखंड यांच्यामध्ये विजेची जी कमान तयार होते, तिचे तापमान सुमारे ६,००० अंश सेल्सिअस असते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ५,५०० अंश आहे, हे लक्षात घ्या म्हणजे कल्पना येईल. लोखंड १,५३८ अंशांना वितळते. तेव्हा कमानीच्या जवळचे लोखंड पाण्यासारखे होते आणि त्याचे थेंब चहूकडे उडतात. गॅसने लोखंड कापताना तर ऑक्सिजनचा झोत वितळलेला माल जोराने बाहेर फेकतो. तेथे थेंब मोठे असतात आणि दूरही जातात.

आता एक थेंब घेऊ. त्याचा व्यास ३ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या बारीक दाण्याएवढा आहे असे समजा. त्याचे घनफळ सुमारे १४ घन मिलिमीटर भरते आणि वजन ०.११ ग्रॅम. वितळलेले एक ग्रॅम लोखंड घट्ट होऊन नेहमीच्या तापमानापर्यंत निवताना सुमारे ३१० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. म्हणजे आपल्या थेंबाजवळ जवळजवळ ३५ कॅलरी उष्णता आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढवायला ती पुरेल.

दुसरी ठिणगी घ्या ०.३ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे रव्याच्या बारीक कणाएवढी. व्यास दहापट कमी झाला. पण घनफळ किती पटींनी कमी झाले? दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजारपट! तिच्याजवळ केवळ ०.०३५ कॅलरी उष्णता आहे. तापमान दोघांचे सारखेच, उष्णतेत मात्र हजारपटीचा फरक. शिवाय लहान कणाचे पृष्ठफळ त्याच्या वस्तुमानाच्या मानाने जास्त असल्यामुळे तो हवेतच चटकन निवतो.

फुलबाजीचे कोडे आता सुटले ना? तापमान म्हणजे वस्तू किती तापली आहे याचे माप. उष्णता म्हणजे तिच्याजवळ एकूण किती ऊर्जा आहे याचे माप. फुलबाजीच्या ठिणगीजवळ तापमान आहे, उष्णता नाही. तारेचे वजन ठिणगीच्या हजारो पट आहे, म्हणून तापमान कमी असूनही ती भाजते.

कोरडा कापूस, कागद किंवा बगॅस साधारणपणे २५० ते ३०० अंशांच्या आसपास पेट घेतो. हा त्याचा ज्वलनांक झाला. रव्याएवढी ठिणगी बगॅसवर पडली तर बहुधा विझून जाईल. ज्वारीएवढा थेंब पडला तर मात्र तो भुग्यात रुतून बसतो. भुगा उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून आतल्या आत धुमसणे सुरू होते. ज्वाळा लगेच दिसत नाही. ती अर्ध्या तासाने दिसेल, कदाचित दोन तासांनी. तोवर वेल्डर आपले सामान आवरून घरी गेलेला असतो. खरा धोका हाच आहे.

ओले गोणपाट पुरेल का?

तुमच्यापैकी कोणी विचारील, 'मग सामानावर ओले गोणपाट टाकले की झाले!' कल्पना वाईट नाही. एक लिटर पाणी ३० अंशांपासून तापवून त्याची पूर्ण वाफ करायला ६ लाख १० हजार कॅलरी लागतात. आपल्या ३५ कॅलरींच्या थेंबांशी तुलना केली तर हे पाणी सतरा हजारांहून अधिक थेंबांना पुरून उरेल!

पण तीन अडचणी आहेत. पहिली, विजेच्या वेल्डिंगजवळ पाणी म्हणजे विजेचा धक्का बसण्याचे भय. दुसरी, शिरूर-दौंडकडच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या उन्हात गोणपाट पाहता पाहता वाळते आणि वाळलेले गोणपाट हे स्वतःच उत्तम सरपण आहे. तिसरी, तापलेल्या बिडावर ओले कापड पडले तर ते एका जागी एकदम निवून तडकते. म्हणून पाण्याची बादली जवळ हवीच. पण ती आग लागलीच तर विझवण्यासाठी, आणि विजेचा प्रवाह बंद केल्यानंतरच वापरायची. पांघरूण कोरडेच हवे आणि ते न जळणारे हवे.

न जळणारे धागे

न जळणाऱ्या कापडाचा शोध माणसाने फार पूर्वी लावला. अ‍ॅस्बेस्टॉस नावाचे खनिज तंतूंच्या रूपात सापडते. त्याचे सूत काढता येते, कापड विणता येते. विसाव्या शतकात जगभर वेल्डिंगच्या जागी, भट्ट्यांपाशी आणि बॉयलरवर हेच कापड वापरले जात होते. आगीपुढे ते टिकून राहते, यात शंका नाही.

परंतु त्याचे अतिसूक्ष्म तंतू मोडून हवेत तरंगतात, श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात आणि तेथेच रुतून बसतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी त्यातून फुप्फुसांचे असाध्य रोग आणि कर्करोग उद्भवतात. भारतात १९८६ पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणे थांबवण्यात आले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून निदान चाळीस वर्षे जपून ठेवाव्यात. चाळीस वर्षे कशासाठी, ते आता तुमच्या लक्षात आलेच असेल. तेव्हा एखाद्या जुन्या कार्यशाळेत करडे-पांढरे, भुसभुशीत झालेले अ‍ॅस्बेस्टॉसचे कापड किंवा दोर दिसला तर तो झटकू नका, फाडू नका, त्याला हातही लावू नका; मोठ्या माणसांना सांगा.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या जागी आता पुढील कापडे आली आहेत.

काचेच्या धाग्याचे कापड: वितळलेली काच अत्यंत बारीक छिद्रांतून ओढली की तिचे धागे होतात. त्यांची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. एवढ्या बारीक झालेल्या काचेला वाकवता येते, विणता येते. हे कापड सुमारे ५५० अंशांपर्यंत सतत टिकते. ८०० अंशांच्या पुढे त्यातील काच मऊ पडू लागते. ते स्वस्त व हलके असते. पण पुन्हा पुन्हा एकाच घडीवर दुमडले तर धागे तुटतात आणि त्यांची कुसळे अंगाला खाजतात.

लेपाचे कापड: काचेच्या कापडावर निरनिराळे लेप देतात. सिलिकोन रबराचा लेप दिला की विणीतली भोके बुजतात आणि थेंब घसरून जातो. परंतु हा लेप सुमारे २६० अंशांपर्यंतच सतत टिकतो. त्यापुढे तो करपतो व धूर सोडतो. व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखे थरांचे खनिज आहे. त्याचा लेप जास्त उष्णता सोसतो आणि वितळलेल्या थेंबाला धाग्यांशी चिकटू देत नाही.

सिलिकाचे कापड: काचेचे कापड आम्लात बुडवून त्यातील इतर ऑक्साइडे काढून टाकली की मागे जवळजवळ शुद्ध सिलिका उरते. वाळूतला मुख्य घटकही सिलिकाच असतो. हे कापड सुमारे १,००० अंशांपर्यंत सतत टिकते. अर्थातच ते महाग असते.

भाजलेल्या अ‍ॅक्रिलिकचे नमदे: स्वेटरच्या कृत्रिम लोकरीत जो अ‍ॅक्रिलिक धागा असतो, तोच हवेत २०० ते ३०० अंशांपर्यंत हळूहळू तापवला तर त्याच्या रेणूंची रचना बदलते. तो काळा पडतो. मग ज्योत लावली तरी वितळत नाही व सहज पेटत नाही. त्याचे घोंगडीसारखे मऊ नमदे बनवतात. त्यात विणीची भोके नसल्यामुळे थेंब आरपार जाऊ शकत नाही. ते अंगाला खाजत नाही आणि हव्या त्या आकारावर गुंडाळता येते.

चामडे: वेल्डरचे हातमोजे व पुढे बांधायचे ॲप्रन चामड्याचे असते. बारीक ठिणग्या ते छान सोसते. पण फार तापले की आकसते व करपते. अंगावर घालायला ते उत्तम. मोठी जागा झाकायला सोयीचे नाही.

आडवी आणि उभी

एकाच कापडावर थेंब पडला तरी परिणाम नेहमी सारखा होत नाही. कापड उभे टांगलेले असेल तर थेंब त्याला क्षणभर स्पर्श करून खाली गळतो. त्याची थोडीच उष्णता कापडाला मिळते. कापड आडवे पसरलेले असेल तर थेंब त्यावर बसून राहतो आणि आपली सगळी उष्णता एकाच जागी ओततो. त्यातून कापडाला खळगा पडलेला असला तर पाच-दहा थेंब घरंगळत एके ठिकाणी जमतात. मग ३५ कॅलरींच्या साडेतीनशे होतात.

म्हणून अमेरिकेतील एफएम ४९५० या प्रमाणपद्धतीत या वस्तूंचे तीन वर्ग केले आहेत. उभा टांगायचा तो पडदा. तो हलक्या ते मध्यम माऱ्यासाठी. आडवी पसरायची ती चादर. ती हलक्या ते मध्यम माऱ्यासाठी. थेट कामाच्या खाली ठेवायची ती जाड गादी; वितळलेला माल जिथे भरपूर पडतो तिथे ती लागते. पडद्याचे काम चादरीला करता येईल, पण गादीचे काम पडद्याला झेपणार नाही.

'एक हजार अंश' म्हणजे काय?

दुकानात चादरीच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत आकडा छापलेला असतो. जास्त आकड्याची चादर ती जास्त चांगली, असे वाटणे साहजिक आहे. पण हा आकडा नेमके काय सांगतो? एवढ्या तापमानात कापडाचा धागा टिकून राहील, इतकेच. त्या कापडाखालची वस्तू सुरक्षित राहील असे तो सांगत नाही!

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन मार्गांनी जाते हे तुम्ही शिकला आहात. तापलेला थेंब पातळ कापडावर बसला तर कापड जळणार नाही, पण वहनाने उष्णता पलीकडे पोचेल. पलीकडे बगॅस कापडाला चिकटून असला आणि तो ज्वलनांकापर्यंत तापला, तर कापड शाबूत राहील आणि त्याच्याखाली आग लागेल. 'न जळणारे' आणि 'उष्णता अडवणारे' हे दोन निरनिराळे गुण आहेत. दुसऱ्या गुणासाठी जाडी हवी आणि धाग्यांत अडकलेली हवा हवी. आजीची गोधडी थंडीत ऊब देते ती याच हवेच्या जोरावर. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही; ती अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच.

तेव्हा चादर निवडताना चार प्रश्न विचारावेत. थेंब केवढे पडणार? कापड आडवे राहणार की उभे? कापडाच्या मागे काय आहे आणि मधे हवेची फट ठेवता येईल का? काम किती वेळ चालणार? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की वेष्टनावरच्या आकड्याला अर्थ येतो.

चार कामे, चार निवडी

हे प्रश्न आपल्या दोन तालुक्यांतल्या कामांना लावून पाहू.

पहिले काम उसाच्या ट्रॉलीचे. सांधा लहान, थेंब मध्यम. पण टायर जवळ. चाकाजवळ वेल्डिंग करायचे तर चाक काढून दूर ठेवणे हाच खरा उपाय, कारण हवा भरलेला टायर तापून फुटला तर जीव जातो. इतर भागांसाठी लेप दिलेली काचेची चादर पुरते. ती सपाट न अंथरता उतरती टाकावी, म्हणजे थेंब घसरून मातीत पडतात.

दुसरे काम साखर कारखान्यातल्या चरकाच्या लाटांचे. उसावर पकड राहावी म्हणून लाटांच्या दातांवर वेल्डिंगने बारीक खडबडीत गाठी उठवतात. येथे थेंबांचा पाऊस पडतो आणि भोवती बगॅसचा भुगा असतो. आधी झाडलोट, मग सिलिकाची किंवा जाड नमद्याची गादी, आणि काम संपल्यावर राखण. हा क्रम चुकता कामा नये.

तिसरे काम मोठ्या कारखान्याच्या शेडमधले. एकीकडे वेल्डिंग, दुसरीकडे इतर कामगार. येथे उभा पडदा हवा. तो ठिणग्या अडवतोच. शिवाय कमानीतून निघणारे अतिनील किरणही अडवतो. हे किरण डोळ्यांवर पडले तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. म्हणून मित्रांनो, वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका.

चौथे काम सर्वांत मजेचे आहे. बिडाचे पंपाचे कवच जोडले की ते हळूहळू निवावे लागते; झटकन निवले तर जोडाजवळचा भाग ठिसूळ होऊन पुन्हा तडकतो. यासाठी जुने कारागीर तापलेली वस्तू राखेत, वाळूत किंवा चुन्यात पुरून ठेवीत. आता तीच वस्तू काचेच्या किंवा सिलिकाच्या जाड, कोरड्या चादरीत गुंडाळतात. येथे चादर उष्णता बाहेरून आत येऊ देत नाही असे नव्हे, तर आतून बाहेर जाऊ देत नाही. अगदी गोधडीसारखी!

आणि जिथे कुठलेच कापड चालत नाही असेही एक काम आहे. रेल्वेचे रूळ जोडताना अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोहाचे ऑक्साइड यांचे मिश्रण पेटवतात. सुमारे २,५०० अंशांचे कित्येक किलो वितळलेले लोखंड रुळाभोवतीच्या साच्यात उतरते. तेथे थेंबांचा हिशेब संपतो. तेथे साचा, वाळू आणि दूर उभे राहणे हेच संरक्षण.

चादरीच्या आधी आणि नंतर

११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर इमारतीच्या वरून जाणाऱ्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होते. रस्त्याच्या सांध्यातील फटीतून तप्त थेंब खाली छताच्या पोकळीत गेले. तेथे पॉलिस्टायरिनचे, म्हणजे थर्मोकोलच्या जातीचे, थर होते. त्या आगीत १७ माणसे मृत्यू पावली. आपल्या जवळची घटना सांगायची तर पुण्याजवळ मांजरी येथे २१ जानेवारी २०२१ रोजी सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागून पाच जण दगावले. तेथे चालू असलेल्या वेल्डिंगमुळे आग लागली असावी, असा तर्क त्या वेळी व्यक्त झाला होता.

अशा अनुभवांतूनच नियम बनले आहेत. वेल्डिंगच्या वेळी आगीपासून कोणती काळजी घ्यावी हे सांगणारे भारतीय मानक आयएस ३०१६ हे आहे. ते १९८२ साली सुधारण्यात आले. अमेरिकेतील नियमांप्रमाणे कामापासून सुमारे ११ मीटरांच्या आत जळणारी वस्तू ठेवू नये. हलवता येत नसेल तरच ती झाकावी. काम संपल्यावर त्या जागेवर राखण ठेवावी. पूर्वी ही राखण अर्धा तास पुरेशी मानत. २०१९ पासून ती एक तास करण्यात आली. का, ते धुमसणाऱ्या बगॅसवरून तुम्हाला सांगता येईल.

म्हणजे चादरीचा क्रमांक पहिला नाही. आधी जळणारे सामान हलवा, मग भोके व फटी बुजवा, मग उरलेले झाका, आणि शेवटी राखण करा. चादरीचीही निगा हवी. भोक पडलेली, धागे उसवलेली किंवा तेल-ग्रीसने माखलेली चादर वापरू नये. काच जळत नाही हे खरे, पण तिच्यात मुरलेले तेल जळते.

करून पाहा

१. जुन्या छत्रीच्या कापडाचा तुकडा ताणून आडवा धरा व त्यावर पाण्याचे थेंब टाका. मग कापड तिरके करा, नंतर उभे धरा. थेंब कोठे किती वेळ थांबतो ते पाहा. कापडाच्या मध्यभागी खळगा करून पुन्हा प्रयोग करा.

२. मलमलच्या कापडावर आणि घोंगडीच्या तुकड्यावर चमचाभर बारीक रवा टाकून हलकेच हलवा. कोणत्या कापडातून तो खाली गळतो? वीण आणि नमदा यांतला फरक तुमच्या लक्षात येईल.

३. तीन सारख्या पेल्यांत अंघोळीचे ऊन पाणी सारखेच भरा. एक उघडा ठेवा, दुसऱ्याभोवती कोरडा टॉवेल गुंडाळा, तिसऱ्याभोवती ओला. दर पाच मिनिटांनी तापमापीने तापमान मोजून वहीत लिहा आणि आलेख काढा. बिडाच्या तापलेल्या कवचाला ओले गोणपाट का चालत नाही, ते आलेखच सांगेल.

तुमच्या गावात वेल्डिंगचे दुकान असेल तर काम बंद असताना तेथे जा. वेल्डरकाकांना विचारा, ठिणग्या कुठवर उडतात, त्या कशावर पडतात, सामान झाकायला ते काय वापरतात. मग वरचे चार प्रश्न घेऊन त्या दुकानासाठी कोणती चादर योग्य ठरेल याचे टिपण तयार करा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ते मांडता येईल. आणि वेल्डरकाकांनाही एक प्रत नेऊन द्यायला विसरू नका.